नाव एक, अधिकार अनेक : अनेक क्लस्टरांतील स्विच-व्यवस्थापनाची चिकित्सा

(१)

सोनपेठच्या तहसील कार्यालयात सातबाराचा उतारा मागावयास आलेल्या शेतकऱ्याला ‘आभासी स्विच’ ही संज्ञा ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या परिचयाचा शब्दप्रयोग निराळा आहे : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ गेल्या दहापंधरा वर्षांत मराठी खेड्यांत रूढ झालेल्या नव्या वाक्यांत हे वाक्य बहुधा सर्वाधिक उच्चारले जात असावे. भाषिक दृष्टीने पाहता ते विलक्षण सैल आहे. तारेचा दोष, वीजपुरवठ्याचा दोष, आज्ञावलीचा दोष आणि यंत्रांना परस्परांशी जोडणाऱ्या सांध्यांचा दोष, या सर्वांना ते एकाच नावाने संबोधते. व्यथा सांगण्यास असे वाक्य पुरेसे असते, निदानास ते पुरत नाही. वैद्याने प्रत्येक रोगाला ‘अंग मोडून आले आहे’ एवढेच म्हणावे, तसा हा प्रकार होय.

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. उताऱ्याचे मूळ दप्तर आता दूरच्या सर्व्हरांवर असते. राज्याच्या विस्तृत संगणकजालाची रचना मुंबईचे मुख्यालय, विभाग, जिल्हा आणि तालुका अशा उतरंडीची आहे आणि सोनपेठ या उतरंडीच्या शेवटच्या पायरीवर आहे. वरच्या पायरीवरील चुकीचे फळ खालच्या पायरीवरील माणसाला भोगावे लागते, पीककर्जाच्या मुदतीच्या दिवसांत तर विशेषच. यास्तव दूरच्या यंत्रगृहातील स्विचांची व्यवस्था कशी असावी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा उरत नाही.

या प्रश्नाला एक भाषिक अंग आहे आणि त्याची चिकित्सा क्वचितच होते. अनेक क्लस्टरांतील स्विचांचे व्यवस्थापन म्हणजे फार मोठ्या अंशी नावांचे व्यवस्थापन होय. नाव कोणी द्यावे, ते कोठवर चालावे आणि त्याचा अर्थ बदलण्याचा अधिकार कोणाकडे असावा, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर रचनेचे बलाबल ठरते. प्रस्तुत विवेचनाचा रोख या तीन प्रश्नांवर आहे.

(२)

आरंभ संज्ञेपासूनच करणे प्राप्त आहे. इंग्रजी ‘व्हर्च्युअल’ या विशेषणाला मराठीत ‘आभासी’ हा प्रतिशब्द स्थिर झाला आहे. तो आला कोठून, याचा माग प्रकाशशास्त्रापर्यंत लागतो. शालेय पुस्तकांत ‘वास्तव प्रतिमा’ आणि ‘आभासी प्रतिमा’ असा भेद शिकविला जातो : जी पडद्यावर घेता येते ती वास्तव आणि जी घेता येत नाही, केवळ दिसते, ती आभासी. आरशातील प्रतिमेपुरता हा शब्द निर्दोष आहे. संगणकशास्त्राने मात्र तोच शब्द जसाच्या तसा उचलला आणि तेथे त्याने अर्थाचे टोक उलटे केले.

‘व्हर्च्युअल’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ सामर्थ्य, गुण असा आहे. देहाने नसले तरी परिणामाने जे आहे, ते व्हर्च्युअल. मराठीतील ‘आभास’ याच्या नेमका विरुद्ध टोकाला उभा आहे : जो दिसतो, परंतु परिणामाला उतरत नाही, तो आभास. न्यायशास्त्रातील ‘हेत्वाभास’ हा हेतूसारखा दिसणारा, पण हेतूचे कार्य न करणारा असतो. काश्मीर शैवमतात आभासाला सत्यत्व दिलेले आहे, हा आक्षेप येथे घेता येईल. परंतु ‘मला आभास झाला’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या मनात अभिनवगुप्त नसतो. त्याच्या मनात भ्रम हाच अर्थ असतो.

ज्या वस्तूला ‘आभासी स्विच’ म्हणतात, ती भ्रमरूप नाही. एका बलाढ्य यंत्रावर हायपरवायझर नावाच्या नियामक सॉफ्टवेअरच्या आश्रयाने दहावीस पाहुणे संगणक चालतात. त्यांना परस्परांशी आणि बाहेरच्या जालाशी जोडणारा सांधा यजमान यंत्राच्या स्मृतीत आज्ञावलीच्या रूपाने काम करतो. त्यातून जाणारी माहितीची प्रत्येक चवड खरी असते आणि तो थांबला तर खरे काम थांबते. इतकेच नव्हे, तर त्याला स्वतःचा स्वभाव आहे. धातूच्या पेटीतील स्विच कोणता संगणक कोठे आहे हे त्यांच्या संभाषणाकडे कान देऊन शिकतो. व्हीएमवेअरच्या स्विचाला आपल्या पाहुण्यांचे पत्ते मुळातच ठाऊक असतात, कारण त्यांना जागा देणारे नियामक सॉफ्टवेअरच असते. बाहेर जाणाऱ्या एका तारेतून आलेली चवड तो दुसऱ्या तारेतून पुन्हा बाहेर सोडीत नाही. त्यामुळे जालात वर्तुळ निर्माण होऊन संदेश अखंड फिरत राहण्याचे जे भय धातूच्या स्विचांना असते, ते त्याच्या पोटी नसते. ज्याला स्वतंत्र गुणधर्म आहेत त्याला प्रतिबिंब म्हणणे ही वर्णनाची चूक आहे.

ही चूक शब्दापुरती राहत नाही, हे महत्त्वाचे. जे ‘आभासी’ त्याच्या नोंदी, नकाशे आणि जबाबदाऱ्याही सैल राहतात. धातूच्या स्विचाला क्रमांक मिळतो, त्याची जडसंग्रह नोंदवहीत नोंद होते, त्याचा ताबा कोणाकडे हे ठरते. यंत्राच्या पोटातील स्विच मात्र जाल पाहणाऱ्याला आपला वाटत नाही आणि सर्व्हर पाहणाऱ्यालाही आपला वाटत नाही. पुढील विवेचनात म्हणून ‘सॉफ्टवेअर-स्विच’ हा साधा शब्द वापरला आहे. त्यात संकर आहे, परंतु असत्य नाही. रेल्वेच्या ‘सांध्या’ला आणि ‘सांधेवाल्या’ला मराठीने जसे सहज आपले केले, तसा एखादा शब्द या वस्तूलाही यथाकाळ मिळेल. तोवर खोटा शुद्ध शब्द वापरण्यापेक्षा खरा मिश्र शब्द बरा.

याच संदर्भात ‘गट’ या शब्दाचाही विचार आवश्यक आहे. क्लस्टर म्हणजे एकत्र नांदणाऱ्या यजमान यंत्रांचा समुदाय. पोर्ट-ग्रुप म्हणजे एका स्विचावरील समान नियमांच्या जागांचा संच. दोहोंना ‘गट’ म्हटल्यास ‘गटातील गट’ अशी वाक्ये निर्माण होतात आणि जमीन एकत्रीकरणानंतर गट क्रमांकाशी परिचित असलेल्या वाचकाचा गोंधळ वाढतो. यंत्रसमुदायाला ‘क्लस्टर’ आणि जागांच्या संचाला ‘पोर्ट-गट’ असे वेगळे शब्द ठेवणे युक्त होय.

(३)

क्लस्टरची कल्पना एका प्रतिज्ञेवर उभी आहे : पाहुणा संगणक क्लस्टरातील कोणत्याही यजमानाकडे गेला, तरी त्याला तेच घर मिळेल. चालता संगणक न थांबविता एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलविण्याची सोय व्हीएमवेअरने २००३ मध्ये आणली. एखादे यजमान यंत्र बंद पडल्यास त्यावरील पाहुण्यांना दुसऱ्या यंत्रावर पुन्हा सुरू करण्याची सोयही याच तत्त्वावर चालते. पण ‘तेच घर’ म्हणजे काय, हे यंत्राने ओळखावे कसे?

साध्या प्रकारच्या सॉफ्टवेअर-स्विचांत प्रत्येक यजमानाचा स्विच स्वतंत्र असतो आणि ही ओळख निव्वळ नावावरून पटते. एका यंत्रावरील पोर्ट-गटाचे नाव व दुसऱ्यावरील नाव अक्षरशः एक असेल तर घर एक, असे गृहीत धरले जाते. अक्षरशः हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा आहे. रोमन लिपीतील मोठे अक्षर आणि लहान अक्षर यांत भेद होतो, शेवटी राहिलेली एक मोकळी जागाही भेद करते. देवनागरीत हे संकट अधिक सूक्ष्म आहे. ‘ऱ’ हे अक्षर एका संकेतांकाने लिहिता येते आणि ‘र’ला नुक्ता जोडून दोन संकेतांकांनीही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात, परंतु संकेतांकांची सरळ तुलना करणाऱ्या यंत्राला ती भिन्न ठरतात. यंत्र अक्षर पाहत नाही, ते संकेतांक पाहते.

या व्यवस्थेत घडणाऱ्या चुका दोन जातींच्या आहेत आणि त्यांतील भेद भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला परिचित आहे. पहिली जात म्हणजे वस्तू एक आणि नावे दोन. एका यंत्रावर ‘महसूल’ आणि दुसऱ्यावर ‘महसूल-जाल’ असे लिहिले गेले. पाहुण्याला हलविताना यंत्र नकार देते, दोष उघड होतो आणि दुरुस्त होतो. दुसरी जात म्हणजे नाव एक आणि वस्तू दोन. दोन्ही यंत्रांवर नाव ‘महसूल’च आहे, परंतु त्यामागील व्हीलॅनचा क्रमांक एका ठिकाणी १२० आणि दुसऱ्या ठिकाणी २१० पडला आहे. येथे यंत्र आनंदाने संमती देते. पाहुणा हलतो आणि हलताक्षणी परक्या जालात जाऊन पडतो. त्याच्याशी बोलणाऱ्यांना तो सापडेनासा होतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, ज्यांनी त्याला पाहू नये त्यांना तो दिसू लागतो. पर्यायशब्दांनी व्यवहार अडतो, अनेकार्थी शब्दांनी व्यवहार फसतो. अडलेला व्यवहार कळतो. फसलेला व्यवहार मात्र पुष्कळदा फार उशिरा कळतो. रचनेच्या गुणदोषांचा निवाडा करताना पहिल्या जातीच्या चुका किती घटल्या यापेक्षा दुसऱ्या जातीच्या चुका किती उघड्या पडल्या, हीच कसोटी लावली पाहिजे.

चुकांचे क्षेत्र किती, याचा हिशेब सोपा आहे. सोळा यंत्रांचा एक क्लस्टर आणि वीस पोर्ट-गट धरले तर हाताने करावयाच्या नोंदी ३२० होतात. असे तीन क्लस्टर असतील तर ९६०. यांतील प्रत्येक नोंद माणूस टंकित करतो आणि प्रत्येक टंकनात चुकीला वाव असतो. तीनचार यंत्रांच्या लहान संस्थेत मात्र हा आकडा हाताच्या कक्षेत राहतो. तिने या साध्या पद्धतीवरच समाधान मानणे शहाणपणाचे होय.

(४)

या अडचणीवरचा उपाय म्हणून व्हीएमवेअरने २००९ मध्ये वितरित स्विच आणला. त्याच काळात ओपन व्हीस्विच हा मुक्त स्वरूपाचा सॉफ्टवेअर-स्विचही पुढे आला आणि २०१२ मध्ये त्याला लिनक्सच्या गाभ्यात स्थान मिळाले. वितरित स्विचाची कल्पना अशी की व्याख्या एकदाच, मध्यवर्ती व्यवस्थापकाकडे करावयाची आणि तिची प्रत प्रत्येक यजमानाने बाळगावयाची. नाव आता प्रत्येक यंत्रावर नव्याने लिहिले जात नाही, ते एका ठिकाणाहून वाचले जाते.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. ‘वितरित स्विच’ हे नाव ऐकून सर्व यंत्रांतून पसरलेली एकच अखंड वस्तू डोळ्यांपुढे येते आणि वाहतूक तिच्या मध्यवर्ती ठाण्यातून जात असावी असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. तिचे यथार्थ प्रतिरूप कालव्यावर आढळते. माजलगाव प्रकल्पाच्या उजव्या कालव्याने सोनपेठ परिसराला शेजपाळीची पद्धत परिचित करून दिली आहे. कोणाला, कोणत्या दिवशी, किती वेळ पाणी मिळावयाचे, याचा तक्ता पाटबंधारे कार्यालयात तयार होतो. पाणी मात्र त्या कार्यालयातून वाहत नाही. ते चारीतून वाहते आणि दार उघडतो तो पाटकरी. कार्यालय एक दिवस बंद राहिले म्हणून चालू पाळी थांबत नाही, पण नव्या अर्जदाराला त्या दिवशी तक्त्यात जागा मिळत नाही. मध्यवर्ती व्यवस्थापक बंद पडला असता वितरित स्विचाची स्थिती हीच होते. चालू वाहतूक चालू राहते. परंतु नेहमीच्या स्थिर पद्धतीच्या पोर्ट-गटात नव्या पाहुण्याला जागा देता येत नाही आणि नियमांत बदलही करता येत नाही. आज्ञा आणि वहन यांची ही फारकत हा या रचनेचा प्राण आहे.

तथापि याच ठिकाणी न्यायशास्त्रातील एक जुना दोष नव्या वेषात उभा राहतो. मध्यवर्ती व्यवस्थापक हा स्वतःही बहुधा एक पाहुणा संगणकच असतो आणि तो ज्या स्विचाला जोडलेला असतो, त्याच स्विचाची व्याख्या त्याच्या हाती असते. स्विचाला व्यवस्थापक हवा आणि व्यवस्थापकाला स्विच हवा : हा अन्योन्याश्रय होय. सर्व सुरळीत असताना तो दिसत नाही. वीज जाऊन सर्व यंत्रे एकदम बंद पडली आणि पुन्हा उभी करावयाची वेळ आली, म्हणजे तो दिसतो. २०१२ मधील आवृत्तीत व्हीएमवेअरने एक सावधगिरी घातली : एखाद्या बदलाने यजमानाचा व्यवस्थापकाशी संबंध तुटल्यास तो बदल आपोआप मागे घेतला जातो. ही सोय उपयुक्त असली तरी दोषाचे मूळ ती छेदीत नाही. मूळ छेदावयाचे तर व्यवस्थापकाला स्वतंत्र, लहान क्लस्टरात ठेवावे. त्याच्यासाठी साधा स्विच वापरावा, अथवा व्यवस्थापकाच्या संमतीवाचून जागा देणारा क्षणिक पद्धतीचा एखादा पोर्ट-गट राखून ठेवावा. ज्या किल्लीने कोठार उघडावयाचे ती कोठारात ठेवू नये, हा गृहिणीला ठाऊक असलेला नियम यंत्रगृहातही पाळला पाहिजे.

(५)

आता मुख्य प्रश्न. क्लस्टर अनेक असतील तर वितरित स्विच सर्वांना मिळून एक असावा, की प्रत्येकाला स्वतंत्र असावा?

एकाच स्विचाच्या पक्षाची युक्ती वरवर बिनतोड दिसते. व्याख्या एकाच ठिकाणी, म्हणून नावे सर्वत्र एक. नावे एक, म्हणून पाहुणे एका क्लस्टरातून दुसऱ्यात मोकळेपणाने हलू शकतात. बदल करावयाचा तर तो एकदाच करावा लागतो. पण या शेवटच्या गुणातच मुख्य दोष दडलेला आहे. जो योग्य बदल एकदाच करावा लागतो, तो अयोग्य बदलही एकदाच करून पुरतो. बाहेर जाणाऱ्या तारांचा क्रम, चवडीचा कमाल आकार, कोणते व्हीलॅन वाहू द्यावयाचे, यांपैकी एखादी चूक झाली तर ती एका क्लस्टरात न थांबता सर्वत्र पसरते. शिवाय अशा स्विचाची आवृत्ती त्याला जोडलेल्या सर्वांत जुन्या यंत्राच्या मर्यादेपलीकडे नेता येत नाही. एक मागे राहिलेला क्लस्टर सर्वांना मागे ठेवतो. जनतेसाठी उघड्या असलेल्या सेवांच्या क्लस्टराला अंतर्गत दप्तराची जाले माहीत असण्याचेही कारण नसते. एका स्विचात ती त्याच्या दारापर्यंत विनाकारण पोचतात.

या पक्षाचा सर्वांत भक्कम आधार पाहुण्यांच्या हालचालीचा होता. २०१५ मधील सहाव्या आवृत्तीपासून पाहुण्याला एका वितरित स्विचावरून दुसऱ्यावर चालू अवस्थेत नेता येऊ लागले. अट एवढीच की दोन्हीकडे खालचे जाल तेच असावे. तेव्हापासून हा आधार ढासळला आहे. तरीही जुन्या युक्तिवादाची सवय अनेक आराखड्यांत टिकून आहे.

प्रत्येक क्लस्टराला स्वतंत्र स्विच देणाऱ्या पक्षाची बाजू चुकीच्या मर्यादेची आहे. चूक झाली तरी ती एका कुंपणात राहते. पण या पक्षातही एक उणीव आहे : स्विच वेगळे झाले की नावे हळूहळू फुटू लागतात. दोन वर्षांत एका क्लस्टरातील ‘महसूल’ दुसऱ्यात ‘रेव्हेन्यू’ होते आणि तिसऱ्यात त्याच नावाखाली भलताच क्रमांक जातो. बोली अशाच निर्माण होतात. भाषेत ती समृद्धी ठरते, येथे तीच आपत्ती होते.

दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे : नावाचे ऐक्य आणि अधिकाराचे ऐक्य ही एकच बाब आहे. हे गृहीत चुकीचे आहे आणि ते चुकीचे असल्याचा पुरावा प्रत्येक गावच्या चावडीत आहे. महाराष्ट्रात गाव नमुने एक ते एकवीस ठरलेले आहेत. ‘नमुना सात’ म्हटल्यावर सोनपेठमध्ये जो अर्थ होतो तोच कुडाळात आणि तोच अक्कलकुव्यात होतो. नावाचे ऐक्य संपूर्ण आहे. नोंद करण्याचा अधिकार मात्र त्या त्या सजाच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे असतो आणि फेरफार प्रमाणित करतो तो मंडळ अधिकारी. एका गावच्या नोंदीत चूक झाली तर शेजारच्या गावचा सातबारा बिघडत नाही. नमुन्याची व्याख्या राज्याची, नोंदीचा अधिकार गावचा, ही विभागणी ज्यांनी घडविली त्यांच्यापुढे संगणक नव्हते. परंतु अनेक ठिकाणी एकच भाषा आणि प्रत्येक ठिकाणी मर्यादित अधिकार, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होताच.

या विभागणीलाही एक अट आहे, आणि ती तपासल्यावाचून ‘अधिकार अनेक’ हे केवळ घोषवाक्य ठरेल. गोदावरीवरील खडका बंधारा सोनपेठ तालुक्यात आहे आणि परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राला त्यातून पाणी मिळते. केंद्रातील संच वेगवेगळे आहेत. एक बिघडला म्हणून दुसरा बंद पडू नये, हाच त्यामागील हेतू. २०१३ च्या दुष्काळात मात्र पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावे लागले, कारण संच अनेक असले तरी त्यांची तहान एकाच नदीवर भागत होती. स्विच तीन केले, परंतु तिन्हींच्या बाहेर जाणाऱ्या तारा धातूच्या एकाच पेटीत गेल्या, किंवा तिन्हींचा व्यवस्थापक एकच आणि त्यावर सर्वाधिकार असलेला माणूसही एकच राहिला, तर विभागणी कागदावर राहते. आराखड्याच्या परीक्षकाने म्हणून स्विच किती आहेत हे मोजून थांबू नये. ते कोणकोणत्या ठिकाणी पुन्हा एक होतात, ते शोधावे.

(६)

नाव एक ठेवावयाचे आणि अधिकार विभागावयाचे, तर नावांचे घर कोणत्याही एका स्विचात असून चालणार नाही. ते बाहेर असले पाहिजे : एक नामपोथी, जिच्यात प्रत्येक पोर्ट-गटाचे नाव, त्याचा व्हीलॅन क्रमांक, त्याचे प्रयोजन आणि तो कोणकोणत्या क्लस्टरांत असावा हे लिहिलेले आहे. प्रत्येक क्लस्टराचा स्विच या पोथीवरून आज्ञावलीच्या साहाय्याने घडवावा, हाताने नव्हे. बदल एका क्लस्टरात आधी करून, तो निर्वेध ठरल्यावर पुढच्यात न्यावा. आणि ठराविक काळाने प्रत्यक्ष स्थिती पोथीशी ताडून पाहावी. पोथीत दुरुस्ती करण्यास दोघांची संमती लागावी, हेही इष्ट.

नावाच्या घडणीविषयी मतभेद आहेत. नावात क्रमांक घालू नये, कारण क्रमांक बदलला की नाव खोटे पडते, असे एक मत आहे. नाव प्रयोजनाचे असावे, हे त्यातील तत्त्व योग्यच आहे. परंतु वर सांगितलेली कसोटी लावली म्हणजे निर्णय उलट दिशेने झुकतो. ‘महसूल-१२०’ या नावाखाली २१० हा क्रमांक पडला, तर नाव आणि वस्तू यांतील विसंगती वाचणाऱ्याला तत्क्षणी दिसते. केवळ ‘महसूल’ या नावाखाली ती कधीच दिसत नाही. धातूच्या स्विचाला तर पोर्ट-गटाचे नाव मुळी कळतच नाही, त्याला क्रमांक तेवढा कळतो. हे क्रमांक बारा अंशांचे असल्यामुळे वापरण्याजोगे ४०९४ च आहेत. दोन्ही लोकांतील एकमेव समान शब्द क्रमांक हाच असल्याने तो नावात असणे हिताचे आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन पद्धतीत चोवीस अंशांचे, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख क्रमांक उपलब्ध झाले. क्रमांकांची टंचाई त्यामुळे संपली, परंतु नावाच्या शिस्तीची गरज उलट वाढली.

पोथी बाहेर असण्याचे आणखी एक कारण आहे आणि मराठवाड्याच्या वाचकाला ते इतिहासातून समजेल. सोनपेठ १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. तेथील जमिनीचे दप्तर निराळ्या नावांचे होते. मुंबई राज्याच्या मुलखात जे सातबारात पाहावयाचे, ते येथे पाहणीपत्रकात पाहावे लागे. राज्य बदलले तेव्हा शेत जागचे हलले नाही, कसणारा बदलला नाही, पण कागदाचे नाव आणि रकान्यांची मांडणी बदलली. जुन्या नोंदीतील कोणत्या रकान्याचा नव्या नोंदीतील कोणता रकाना, हे जाणणारा माणूस आणि ते सांगणारा कागद यांच्यावाचून असे स्थित्यंतर सुखरूप होत नाही. आजही जुनी फेरफार प्रकरणे चालविताना खासरा आणि सातबारा शेजारी मांडून वाचावे लागतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबविली. अनेक संस्थांना आपली यंत्रणा दुसऱ्या पद्धतीवर नेण्याचा विचार तेव्हापासून करावा लागत आहे. वितरित स्विच अनेक वर्षे सर्वांत वरच्या परवान्यातच मिळत असे, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी. ज्यांची नावे, क्रमांक आणि त्यांतील संबंध केवळ त्या व्यवस्थापकाच्या पोटात होते, त्यांच्यापुढे राज्य बदललेल्या दप्तराचा प्रश्न उभा आहे. ज्यांनी पोथी बाहेर राखली, त्यांना तीच पोथी घेऊन ओपन व्हीस्विचावर वा अन्य कशावरही नवे स्विच घडविता येतात. स्विच हे साधन आहे, ते बदलणारच. नाव आणि त्याचा ठरलेला अर्थ ही संस्थेची स्वतःची मिळकत होय, आणि ती दुसऱ्याच्या घरी ठेवणे हा या क्षेत्रातील सर्वांत महाग पडणारा प्रमाद होय.

या विवेचनाचा निष्कर्ष असा. सर्व क्लस्टरांना एकच स्विच देणारी रचना नावाच्या ऐक्यासाठी अधिकाराच्या मर्यादेचा बळी देते. क्लस्टरागणिक स्वतंत्र स्विच देऊन तेथेच थांबणारी रचना मर्यादेसाठी ऐक्याचा बळी देते. क्लस्टरागणिक स्विच, व्यवस्थापकासाठी वेगळे आणि साधे स्थान, आणि सर्वांवर एक बाह्य नामपोथी, ही रचना दोन्ही राखते. तिला अधिक श्रम पडतात, हे मान्य करावयास हवे. परंतु ते श्रम यंत्रगृहात एकदा, सावकाशीने करावयाचे आहेत. ते टाळले तर त्यांची किंमत उताऱ्यासाठी तालुक्याला आलेल्या माणसाला एका दिवसाच्या मजुरीने आणि परतीच्या बसभाड्याने चुकवावी लागते, आणि त्याला कारण म्हणून तेच एक सैल वाक्य ऐकविले जाते.